रिकामं कडवं

"'सडकं' म्हणताना नाक मुरडायचं!" कुलथे सर पेटीवरून ओरडले. "सगळ्यांनी एकदम! सडकं पान आहे ते, मोगऱ्याचा गजरा नाही."

आम्ही चोवीस जणींनी एकदम नाक मुरडलं. पुढे तनुजा उभी होती. तिने तिच्या त्या मधाळ आवाजात ओळ घेतली,

पान दिलं सडकं बाई, पान दिलं सडकं,
नीट वळ म्हणतो, याचं डोस्कं हाय का धडकं?

"शाब्बास! आणि अर्थ विसरायचा नाही. सडकं पान म्हणजे काय?"

"सडलेली समाजव्यवस्था!" आम्ही सगळ्या.

मी शेवटच्या रांगेत होते आणि समाजव्यवस्थेचं सडणं मला फारसं लागू नव्हतं, कारण मला गायचंच नव्हतं. 'गुंजाळ, तू नुसते ओठ हलव,' हे सरांनी मला पाचवीतच सांगून ठेवलेलं. माझा आवाज घोगरा. सर म्हणायचे, पत्र्यावरून पाटा ओढल्यासारखा. मग मी तीन वर्षं ओठ हलवत होते. इतके छान हलवायचे, की एका पाहुण्यांनी माझ्याकडे बघून 'वा' म्हटलं होतं.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, मी आठवीत होते तेव्हाची. आमचं गाव बिडीचं. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या बिडी वळणाऱ्या बायकांनी एकोणीस दिवस संप केला होता आणि हे गाणं त्या संपातलं. बिडी वळताना मांडीवर सूप असतं, त्यात तंबाखू आणि पानं. ते सूप खाली ठेवलं की काम बंद. म्हणून गाण्याची सुरुवात, 'सूप ठेव खाली बाई, सूप ठेव खाली, मान वर कर आता, सकाळ झाली.' दुसरं कडवं मुकादमाचं, मग सगळ्यांनी 'काय गं सलतं' असं विचारायचं की तिसरं सडक्या पानाचं आणि चौथ्यात पुन्हा सूप. दरवर्षी स्नेहसंमेलनात आमची शाळा तेच गाणं म्हणते. त्या वर्षी संपाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून संपातल्या हयात असलेल्या चार बायकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. शनिवारी कार्यक्रम. हा मंगळवार.

"पुन्हा एकदा, पहिल्यापासून," सर म्हणाले.

तनुजाने सूर लावला आणि मध्येच थांबली. हातातलं सूप पोटाशी दाबून वाकली.

"काय झालं, दराडे?"

"काही नाही सर."

काही नाही कसलं? तिला उन्हाळी लागली होती. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. लघवीला आग आग, ओटीपोटात कळ. डॉक्टरांनी एकच सांगितलेलं, पाणी पी, भरपूर पी. आणि तनुजा शाळेत घोटभरसुद्धा पाणी पीत नव्हती. कुणीच मुलगी पीत नव्हती. जुना संडास आदल्या पावसाळ्यात पडला. नवा बांधला, पांढऱ्या फरशीचा, दारावर गुलाबी अक्षरात 'मुली' लिहिलेला. जूनमध्ये फीत कापली, फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुलूप लागलं. मुली घाण करतात म्हणून. किल्ली मोठ्या सरांकडे, म्हणजे मुख्याध्यापक वाकचौरे सरांकडे.

"चल," मी तनुजाला म्हटलं. "आज किल्ली मागूच."

"तू बोलशील?"

"हो."

ऑफिसात मोठे सर, दोन शिक्षक, शिपाई आणि कुणाचे तरी वडील बसलेले. तनुजा माझ्यामागे. मी तोंड उघडलं आणि सवयीने नुसते ओठ हलले.

"काय गं? बोल की."

"सर, किल्ली..."

"कसली किल्ली?"

आता त्या पाच बाप्यांसमोर 'संडासाची' म्हणायचं होतं. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. शेवटी सरांनाच कळलं.

"ते शनिवारी पाहुण्यांसाठी लागणार आहे. तोवर चकाचक राहिलं पाहिजे. तुम्ही मुली एका दिवसात वाट लावता." मग समजुतीने म्हणाले, "घरून जाऊन यायचं, बाळ. सवयीचा प्रश्न असतो."

"हो सर," मी म्हटलं.

हो सर! बाहेर आल्यावर तनुजा खाली बघत वर्गाकडे चालायला लागली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

तिची वाडी गावापासून चार किलोमीटर. साडेनऊला घरून निघायची, साडेपाचला पोचायची. सवय लावायची म्हणजे पोटात रांजण बसवून घ्यायचा का?

तेवढ्यात कुलथे सरांनी हाक मारली. "गुंजाळ, तुझं तसंही इथे काही अडत नाही. ठकूबाई मंडलिकांच्या घरी ही पत्रिका देऊन ये. शनिवारी चारला तयार राहायला सांग. दराडे, तूही जा, जरा मोकळी हवा लागेल."

ठकूबाईंचं घर शाळेमागच्या बोळात. सत्तरीच्या बाई, ओसरीवर बसून अजून बिड्या वळत होत्या. मांडीवर सूप, बोटं आपोआप चाललेली आणि नजर रस्त्यावर.

"ठकूमावशी, शाळेतून आलोय. ही पत्रिका—"

"मावशी, तुमच्याकडे संडास आहे का?" तनुजाने मला तोडून विचारलं.

ठकूमावशींनी नुसता अंगठा मागे केला. तनुजा पळाली.

"पोरीला हगवण लागली का?"

"नाही. उन्हाळी."

"मंग शाळंत संडास न्हाई?"

"आहे. कुलूप आहे त्याला."

"कुलूप?" त्यांची बोटं थांबली. "आत काय सोनं ठिवलंय?"

मी सगळं सांगितलं. त्या पुन्हा वळायला लागल्या. तनुजा परत आली, माठातलं दोन तांबे पाणी प्यायली आणि माझ्याशेजारी बसली. आता तिचा चेहरा माणसात आला होता.

"शनिवारी काय कार्यक्रम हाय?" मावशींनी विचारलं.

"तुमचं गाणं म्हणणार आहोत आम्ही."

"म्हणा बरं."

तनुजाने म्हटलं. सडक्या पानाशी आल्यावर आम्ही दोघींनी इमानदारीत नाक मुरडलं. ठकूमावशी आधी बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. त्यांचं सूप हलायला लागलं, तंबाखू सांडला, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अगं, ते सडकं पान अजून म्हणताय व्हय तुम्ही?"

"म्हणजे?"

"पन्नास वरीस झालं की त्या पानाला! ते एका दिवसाचं व्हतं, पोरी. तिसरी जागा रिकामी असायची. एकोणीस दिवस वखारीच्या दारात बसलो, तर एकोणीस कडवी झाली. रोज निराळं. 'काय गं सलतं' असं सगळ्यांनी इचारायचं आणि जिला सलतंय तिनं पुढं हून सांगायचं. गुरवारी शेरातनं एकजण वही घिऊन आला. त्या दिशी शेवंता सडक्या पानाचं म्हणली. त्यानं लिवून नेलं, छापलं. झालं! तो शुक्करवारी आला असता तर तुम्ही मुकादमाच्या मिशीचं म्हणला असता."

"मिशीचं काय होतं?"

"ते न्हाई सांगायचं तुम्हाला. लगीन झाल्यावर या."

तनुजा हसली. मला मात्र हसू येईना. तीन वर्षं मी सडलेल्या समाजव्यवस्थेला ओठ हलवत होते आणि ते खरंखुरं पान होतं! शेवंता नावाच्या खऱ्या बाईला खरोखर सडकं पान मिळालं होतं म्हणून.

"मग आता कुणी तिथे दुसरं काही म्हटलं तर चालेल?" मी विचारलं.

"चालंल म्हंजे? त्यासाठीच तर हाय ती जागा. पण दोन गोष्टी." त्यांनी बिडीचं तोंड नखाने दुमडलं. "जिला सलतंय तिनंच म्हणायचं. दुसरीचं दुखणं उसनं घ्यायचं न्हाई. आन बाकीच्यांनी उचलायचं. न्हाई उचललं तर ती एकटी पडती. आमची गोदा पडली व्हती एकटी. दोन दिवस जेवली न्हाई."

"आणि उचललं तर?"

"तर उत्तर मिळंस्तवर पुढलं कडवं न्हाई. तेच फिरवायचं. मुकादम कंटाळून भाईर यायचा."

मी सहज ती ओळ म्हणून बघितली, 'काय गं सलतं बाई, काय गं सलतं?' माझ्या खऱ्या आवाजात. ओसरीवरच्या चिमण्या उडाल्या. मी जीभ चावली.

"ही गाती का शाळंत?" मावशींनी तनुजाला विचारलं.

"नाही. सर म्हणतात, आवाज खराब आहे."

"सरांचा कान खराब हाय. ग्वाड आवाज पयल्या रांगेत संपतो. पुढं म्हणणारीचा आवाज पत्र्याला लागाया पाहिजे."

मग आम्ही निघालो. शाळेच्या कुंपणापाशी आल्यावर तनुजा म्हणाली, "निक्के, शनिवारनंतर मी नाही येणार शाळेत."

"कुठे चाललीस?"

"कुठे नाही. घरीच. दोनदा सलाइन लावलं ना. आई म्हणते, आठवीपर्यंत झालं, पुरे. शिकून कलेक्टर झालीस तरी किडनी कुठनं आणायची? कार्यक्रमात तुझं गाणं आहे म्हणून तेवढं थांबते, म्हणाली."

 तनुजा आमच्या वर्गात गणितात पहिली यायची. माझ्या बाकावर तीच बसायची. ती नसती तर मी भूमितीत केव्हाच वाहून गेले असते.

"तू म्हणशील?" मी विचारलं. "शनिवारी. तिसरं कडवं."

तिने माझ्याकडे बघितलं. घाबरली होती, पण नाही म्हणाली नाही. आम्ही तिथेच कुंपणाला टेकून ते बांधलं. पहिली ओळ लगेच जमली. दुसऱ्या ओळीला यमकासाठी तूप, रूप, हुरूप सगळं आणून बघितलं. तुपावर तर आम्ही हसून हसून बसलोच, आणि मग तनुजा 'अगं हसवू नको ना' म्हणत पुन्हा ठकूमावशींकडे पळाली. परत आली ती यमक घेऊनच.

बाकीच्या मुलींना आम्ही काही सांगितलं नाही. इतक्या जणींना सांगितलेली गोष्ट पाचव्या मिनिटाला स्टाफरूममध्ये असते.

शनिवारी मंडप गच्च होता. स्टेजच्या एका बाजूला खुर्च्यांवर मोठे सर, संस्थेचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे. दुसऱ्या बाजूला शाली पांघरलेल्या चार म्हाताऱ्या, त्यात ठकूमावशी. समोर सतरंजीवर शाळेची सगळी मुलं-मुली, मागे पालक. तनुजाची आई अगदी शेवटी खांबाला टेकून उभी होती. ती कधी बसत नाही कार्यक्रमात.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, टाळ्या. दुसरं कडवं, टाळ्या. मग तनुजा एक पाऊल पुढे झाली.

"काय गं सलतं बाई, काय गं सलतं?" आम्ही सगळ्यांनी विचारलं.

तनुजाने तोंड उघडलं. तिची नजर मोठ्या सरांकडे गेली आणि तिथेच अडकली. आवाज नाही. पेटी वाजत होती. कुलथे सरांना वाटलं ही विसरली. ते हळूच कुजबुजले, "पान दिलं... पान दिलं..."

तिने सूप पोटाशी आवळलं.

आणि मला सलत होतं. तिचं नाही, माझं. 'हो सर' म्हणालेली मी मला सलत होते आणि सकाळपासून तहानलेला माझा स्वतःचा घसा सलत होता. उसनं काही नव्हतं त्यात. शेवटच्या रांगेतून मी म्हटलं,

संडासाला कुलूप बाई, संडासाला कुलूप,
पाणी न पिता बसतो आम्ही, सात तास चूप!

माझा आवाज मंडपाच्या पत्र्याला लागला आणि परत आला.

पहिल्यांदा मुलांमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग काहीच नाही. पेटीसुद्धा थांबली. पुढच्या रांगेतल्या मुली मान वळवून माझ्याकडे बघत होत्या, जणू मी कपडे न घालता आले होते. कुणी उचललं नाही.

मी ठकूमावशींकडे बघितलं. त्या उचलतील अशी माझी पक्की खात्री होती. त्या शाल नीट करत बसल्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, पण एसटीची वाट बघणारं माणूस बघतं तशा.

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा शांतता.

"कोण आहे ती?" मोठे सर उठले. "गुंजाळ! खाली ये आधी!"

 गोदा का जेवली नसेल दोन दिवस, ते मला त्या क्षणी कळलं. पण आता मागे जायला जागाच नव्हती. तिसऱ्यांदा म्हणताना घसा फाटला, 'कुलूप'वर चिरकला, पुढचा शब्द निघेचना.

तो तनुजाने घेतला.

"पाणी न पिता बसतो आम्ही, सात तास चूप!"

मधाळ आवाज, पण काय रागाने! तिच्या मागची सुप्रिया लागली. मग ती सगळी रांग. मग समोरून, सतरंजीवरून, पाचवीतल्या मुली, सहावीतल्या. दहावीची एक दांडगी मुलगी उभीच राहिली आणि तिला बघून सगळ्या उभ्या राहिल्या. मुलांनी ठेका धरला. त्यांना बहुतेक मजा वाटत होती, वाटू दे. दोनशे मुली एका दमात 'संडासाला कुलूप' म्हणत होत्या. मंगळवारी मला तो एक शब्द उच्चारता आला नव्हता.

मोठ्या सरांनी माइक घेतला. "कुलथे, पुढचं कडवं घ्या!"

कुलथे सरांनी आमच्याकडे बघितलं, मोठ्या सरांकडे बघितलं, पेटीचा भाता बंद केला आणि खिटी लावली. नंतर विचारलं तर म्हणाले, "पट्टी जमत नव्हती."

"मुलींनो, आपण यावर समिती नेमू."

'संडासाला कुलूप बाई...'

"सोमवारी बघू आपण, शांतपणे..."

'सात तास चूप!'

प्रमुख पाहुणे अध्यक्षांच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होते. अध्यक्ष उपरण्याने कपाळ पुसत होते. तेव्हा ठकूमावशी पहिल्यांदा बोलल्या, बसल्या जागेवरून. "सर, ते असं थांबत न्हाई. आमच्या मुकादमालाबी तसंच वाटलं व्हतं."

 मोठ्या सरांनी खिशात हात घातला, जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि शिपायाला पुढे केली. शिपायाच्या आधी तनुजा पोचली. तिने सूप खाली ठेवलं, किल्ली घेतली, "येते सर," म्हणाली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून, सतरंजीच्या मधोमध, सगळ्यांसमोरून ताठ चालत गेली.

आम्ही थांबलो. गाणं अर्ध्यात होतं, पुढे म्हणणारी गेली होती, मग कोण काय करणार? अध्यक्ष, पाहुणे, मोठे सर, शालीतल्या चार म्हाताऱ्या आणि सहाशे माणसं, एक मुलगी मोकळी होऊन येण्याची वाट बघत गप्प बसली होती. मागे कुठेतरी तान्हं मूल रडलं, त्यालाही आईने दाबलं. मी आयुष्यात इतकी सुंदर शांतता ऐकलेली नाही. मग लांबून पाण्याचा आवाज आला आणि एक बाई मोठ्याने हसली.

तनुजा परत आली, सावकाश. पायऱ्या चढली. पाहुण्यांच्या टेबलावर जाळीच्या रुमालाने झाकलेला पाण्याचा ग्लास होता. तो तिने उचलला, पाहुण्यांना म्हणाली, "घेऊ का?" आणि ते हो म्हणायच्या आत गटागटा प्यायली. दुसराही प्यायली. मग तोंड पुसून शेवटचं कडवं घेतलं. पेटीशिवाय म्हटलं आम्ही ते आणि मी ओठ हलवले नाहीत. गायले.

कार्यक्रम संपल्यावर मी तडक ठकूमावशींकडे गेले. भयंकर चिडलेली होते. "तुम्ही का नाही उचललंत?"

"मला कुठं सलतंय? माझ्या घरी हाय की संडास," त्या म्हणाल्या आणि नारळ माझ्या हातात देऊन चपला शोधायला लागल्या.

तनुजाची आई अजून खांबापाशीच होती. मला वाटलं आता माझा उद्धार होणार. तिने मला आपादमस्तक बघितलं.

"किती गं मोठा आवाज तुझा. वाडीपर्यंत गेला असंल."

"सॉरी, काकू."

"सॉरी काय? सोमवारी दहाला फाट्यावर थांब. तनीला एकटीला नको येऊ दे."

सोमवारी माझ्या वडिलांना शाळेत बोलावलं गेलं आणि माझ्या रोजनिशीत 'उद्धट' असा शेरा बसला, लाल शाईने. पण त्या दिवशी दाराला कुलूप नव्हतं आणि नंतरही कधी लागलं नाही. मधल्या सुट्टीत कुलथे सरांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर गाण्यांची वही उघडी होती आणि पेन्सिलीने लिहिलेल्या सडक्या पानाच्या कडव्यावर आडवी रेघ.

"गुंजाळ, तुझं कडवं नीट सांग. पुढच्या वर्षीपासून हेच घेऊ. कुलूप म्हणजे स्त्रीवरची बंधनं, असा अर्थ—"

"नाही सर. कुलूप म्हणजे कुलूप. आणि ते निघालं."

"मग इथे काय लिहू?"

"काही नको. जागा सोडा."

"गाण्यात रिकामी जागा? आणि ऐन वेळी कुणी काही भलतंच म्हटलं तर?"

"तर बाकीच्यांनी उचललं पाहिजे, सर," मी म्हटलं, "आणि तुम्ही पेटी थांबवायची नाही."

 सरांनी खोडरबर घेतलं, सगळं पुसलं, कागदावरची चुरी फुंकून टाकली आणि म्हणाले, "उद्यापासून पहिल्या रांगेत उभी राहा."

"शेवटचीच बरी आहे, सर. तिथूनही ऐकू येतं."